वेग आणि शिल्लक

आमची वेगाची कल्पना म्हणजे स्कूटरवर ताशी पस्तीस. काटा चाळिसाकडे झुकला की मागे बसलेली ही माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवायची. कारखान्यातून बसवून आलेल्या ब्रेकपेक्षा हा ब्रेक जास्त खात्रीचा. अशा माणसाला ताशी हजार-दीड हजार किलोमीटरने पळणाऱ्या गाडीबद्दल मत विचारण्यात अर्थ नाही. पण नातू अमेरिकेहून सुट्टीला आला, येताना निन्टेंडो स्विच टू नावाचं यंत्र घेऊन आला, ते आमच्या टीव्हीला जोडलं आणि मत वगैरे न विचारता त्याने एकदम गाडीच माझ्या हातात दिली.

खेळाचं नाव एफ-झिरो जीएक्स. मूळचा २००३ सालचा, जपानी. २०२५ साली या नव्या यंत्रावर पुन्हा आला. गंमत अशी, की निन्टेंडोचा हा खेळ बनवला सेगाच्या अम्युझमेंट व्हिजनने. नव्वदच्या दशकात या दोन कंपन्या म्हणजे समोरासमोरचे दोन चहावाले. त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या दुकानात जाऊन चहा उकळावा आणि तो फक्कड जमावा, तसं हे झालं आहे.

या गाड्यांना चाकं नाहीत. जमिनीला न टेकता तरंगत जातात. एका वेळी तीस गाड्या आणि तीन फेऱ्या. रस्ता मध्येच पिळतो, उलटा होतो, नळीच्या बाहेरून जातो. कडेला कठडा असेलच असं नाही. आपल्या घाटात निदान सावकाश जा म्हणून पाटी तरी असते. इथे रस्त्यावरच बाण रंगवलेत, आणि त्यांच्यावरून गेलं की गाडी आणखी पुढे ढकलली जाते!

शर्यतीआधी एक पट्टी सरकवायची असते. एका टोकाला चटकन वेग घेणं, दुसऱ्या टोकाला जास्तीत जास्त वेग. मी ती बरोबर मधोमध ठेवली. जन्मभर तिथेच ठेवली आहे. पहिल्या शर्यतीत माझा नंबर एकोणतिसावा आला. तिसावा कड्यावरून खाली गेला होता.

"अहो, मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का?" ही आतून ओरडली. ते खेळाचं संगीत होतं.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. या खेळात तुमच्याकडे ऊर्जेची एक पट्टी असते. भिंतीला घासलात, कुणी ढुशी दिली, की ती कमी होते. ती संपल्यावर एक धक्का बसला, की गाडीच्या ठिकऱ्या. इथपर्यंत समजलं. पण दुसऱ्या फेरीपासून एक बटण मिळतं, ते दाबलं की गाडी सुसाट झेप घेते, आणि त्या झेपेचे पैसे त्याच पट्टीतून वळते होतात! म्हणजे वेग आणि जीव, दोघांचं खातं एकच. १९९० सालच्या पहिल्या एफ-झिरोत दर फेरीमागे एक झेप फुकट मिळे. १९९८ च्या एफ-झिरो एक्सपासून हा हिशेब सुरू झाला, आणि माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. नुसतं जोरात पळणं कुणालाही दाखवता येतं. पण पळण्याची किंमत पळतापळताच मोजायला लावायची, हे खेळ रचणाऱ्याचं काम.

बँकेत छत्तीस वर्षं लोकांच्या शिलका जुळवलेला मी माणूस. बटणाला हातच लावला नाही. रस्त्यात एक उजळलेला पट्टा येतो, त्यावरून जाताजाता ऊर्जा भरते. तिथेही मी इमानाने जाऊन भरणा करत होतो. शर्यत संपली तेव्हा पट्टी काठोकाठ भरलेली. नंबर बाविसावा. मी अभिमानाने नातवाकडे पाहिलं.

"आजोबा, एवढी वाचवली कशाला?" तो म्हणाला. "पुढच्या रेसला ती नाही मिळत. नवीन मिळते."

व्याज नाही, वारसा नाही. छत्तीस वर्षांत असं खातं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शर्यतीत मी उधळलो. दिसेल तिथे झेप घेतली. आणि एक गोष्ट लक्षात आली, की इतक्या वेगातही चित्र कुठे अडखळत नाही, गाडी बोटाचं ऐकते. आपटलो तर चूक माझीच. यंत्रावर खापर फोडायची सोय नाही. शेवटच्या वळणावर माझा स्फोट झाला. त्या वेळी मी नववा होतो! इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

खेळात खोटही आहे. गोष्टीच्या भागात नवख्याची दया म्हणून नाही. एका प्रकरणात गाडीला बाँब बांधलेला. वेग ताशी सातशेच्या खाली आला की तो फुटतो. त्या प्रकरणात माझं आयुष्य सेकंदांत मोजावं लागलं. रस्ते पाढ्यांसारखे पाठ केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. चुकलेल्याला समजावून सांगणं हा प्रकारच नाही, पुन्हा वर्गाबाहेर. बाहेर उभं राहायची सवय असलेल्यांनीच या वाटेला जावं.

रात्री झोप येईना. हंपी बघायचं आम्ही १९८७ पासून ठरवतो आहोत. दर वर्षी ठेव मोडावी लागेल म्हणून राहिलं. ठेव अजून शाबूत आहे. सकाळी चहाच्या वेळी मी हिला म्हटलं, "हंपीला जायचं?"

ती बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिली. "गुडघे चालत होते तेव्हा विचारायचं होतंत," ती म्हणाली.

मी कपात बघत बसलो. बशीतला चहा गार झाला.

"गाडीने न्याल ना?" ती तेलाची बाटली बंद करत म्हणाली. "मग न्या. पण खालचा बर्थ. आणि हे बघा, ड्रायव्हरला सांगा, चाळिसाच्या वर नको."