कासचा प्रयोग

गणपती उठले की सहकुटुंब कासच्या पठारावर जाणं म्हणजे उत्तम नाटकाला भलतेच प्रेक्षक लाभणं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, जांभ्या कातळावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत हा प्रयोग रंगतो. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला युनेस्कोची दादही मिळाली. नटमंडळी मात्र बोटभर उंचीची. ‘सीतेची आसवं’ हे नाव करुण, पण भूमिका खलनायकाची. ही बया चक्क किडे खाते! ते कळायला गुडघे टेकून वाकावं लागतं. आपण उभ्याउभ्याच फोटो काढतो. मावशी म्हणते, “यापेक्षा आमचा झेंडू बरा!” मग मंडळी थेट रंगमंचावरच सतरंजी पसरून डबे सोडतात. यातली बरीच रोपं एका हंगामाची. बी धरण्याआधीच ती चिरडली, तर पुढच्या वर्षी पडदा कुणासाठी उघडायचा?