हळवा स्वर : किशोरी आमोणकरांनंतरची ख्यालगायकी

३ एप्रिल २०१७ रोजी मुंबईत ख्यालगायिका किशोरी आमोणकर यांचे निधन झाले, तेव्हा अनेक रसिकांनी त्यांच्या थोरवीबरोबरच त्यांचे गाणे ऐकताना स्वतः किती हळवे होत असत, याविषयीही मोकळेपणाने लिहिले. तानेला दाद देताना हात उंचावणारा, पण डोळ्यांतले पाणी लपवणारा श्रोता असे बोलू लागतो, याचे कारण त्या गायकीतच शोधावे लागते.

मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून किशोरीताईंना मिळालेली जयपूर-अत्रौली घराण्याची, म्हणजे अल्लादियाखाँच्या परंपरेची गायकी मुख्यतः मध्य लय, पेचदार ताना आणि जोडराग, म्हणजे दोन रागांच्या मिलाफातून सिद्ध झालेले राग, यांवर उभी आहे. तिच्या बौद्धिक गुंफणीमागे गायकाचे मन सहज झाकून राहू शकते. किशोरीताईंनी लय संथ केली, आलाप लांबवला आणि हा आडोसाच काढून घेतला. घराण्याची चौकट मोडल्याचा आक्षेप त्यांच्यावर आला व तो सर्वस्वी निराधार नव्हता, परंतु त्या मोडण्यातून ख्यालाला जे लाभले ते चौकटीपेक्षा मोलाचे होते. तारुण्यात काही काळ आवाज गमावलेल्या या गायिकेला पुढे कोणताही स्वर गृहीत धरता आला नसावा.

त्यांचा ध्वनिमुद्रित भूप याची उत्तम साक्ष देतो. सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांचा हा राग नवशिक्यांनाही शिकवला जातो आणि याच स्वरांत धैवताला प्राधान्य मिळताच देशकार उभा राहतो. म्हणजेच रागाचा भाव स्वरांच्या यादीत नसून लगावात, स्वर लावण्याच्या रीतीत असतो. किशोरीताई गंधारावरून षड्जाकडे मींडेने, म्हणजे मधल्या सूक्ष्म जागांना स्पर्श करीत अखंड स्वराने उतरतात, तेव्हा तो गंधार जणू सोडवत नाही, आणि ऐकणाऱ्याचीही काही जुनी ओढ नकळत जागी होते. ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात त्यांनी राग आणि रस यांच्या नात्याची शास्त्रीय मांडणी केली. हळवेपणा ही त्यांच्या लेखी गायकाची दुर्बलता नव्हती, तर अतिशय काटेकोर साधनेने कमावण्याची गोष्ट होती.

आजच्या ख्यालगायकीत या वारशाचा बाह्य भाग विपुल आढळतो. मांडीवरचे स्वरमंडल, ध्वनिक्षेपकाच्या आधाराने अगदी हळू सोडलेला स्वर, लांबलेली मींड हे सारे उचलता येते; परंतु सुंदर दिसण्याची चिंता सोडून स्वरापुढे उघडे पडण्याची तयारी त्याबरोबर येतेच असे नाही, आणि मग करुण वाटणारा आलापही केवळ अलंकार ठरतो. रघुनंदन पणशीकर, आरती अंकलीकर-टिकेकर यांच्यासारख्या शिष्यांनी नक्कल टाळून स्वतःचा सूर शोधला, ही मोठीच आश्वासक बाब होय. मात्र महोत्सवांत गायकाच्या वाट्याला येणारा तासाभराचा अवधी अशा शोधाला अपुरा पडतो, कारण तानपुरे मनासारखे लागून षड्जावर मन स्थिरावेपर्यंतच त्यातला बराच वेळ सरतो, आणि संथ आलापाची वेळ येते तेव्हा गायकाला द्रुत बंदिशीकडे वळावे लागते.