मुंबईची नवी हॉटेले : रस्त्याला पारखे झालेले स्थापत्य

परस्थ माणूस शहरात उतरतो कोठे, आणि त्याला उतरवून घेणारी वास्तू त्या शहराशी वागते कशी, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे तेथील स्थापत्यरुचीचा बराचसा अदमास येतो. घर मालकाच्या सोयीने बांधले जाते, कचेरी कारभाराच्या सोयीने. हॉटेलची इमारत मात्र अनोळखी माणसासाठीच उभी राहते, आणि म्हणून तिचे प्रवेशद्वार कसे आहे ही बाब तिच्या कलेत गौण मानता येत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत कोटातील जुने व्यापारकेंद्र मागे टाकून मुंबईचा मोठा व्यवहार परळ, वरळी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांकडे सरकला, आणि त्याच्या मागोमाग पंचतारांकित हॉटेलेही तिकडे गेली. त्यांची चर्चा होते ती बहुधा खोल्यांचे भाडे आणि भोजनाचा थाट यांपुरती. स्थापत्य म्हणून त्यांचे मोल ठरवू गेल्यास असे दिसून येते की, ह्या कलेचे अंतरंग जितके संपन्न झाले तितकेच तिचे बहिरंग दरिद्री झाले आहे, आणि ह्या दारिद्र्याचे खापर एकट्या वास्तुविशारदाच्या माथी फोडणे न्यायाचे होणार नाही.

तुलनेसाठी मापदंड ह्याच शहराने घालून दिला आहे. काळ्या घोड्याजवळ 1869च्या सुमारास पुरे झालेले वॉटसनचे एस्प्लनेड हॉटेल हा बिडाचा एक प्रचंड सांगाडा होय. रोलंड मेसन ऑर्डिश ह्या अभियंत्याने त्याची योजना केली. सारे भाग इंग्लंडात ओतून जहाजाने येथे आणले गेले आणि जागेवर जोडले गेले. लोखंड परके, कारागिरी परकी. तरीही ओळीने उभे राहिलेले खांब आणि मजल्यामजल्याला बाहेर काढलेले लांबलचक सज्जे यांनी मुंबईचे ऊन आणि मुंबईचा पाऊस यांची दखल घेतलेली होती, आणि सज्जात उभा असलेला पाहुणा व खालून जाणारा पादचारी परस्परांच्या दृष्टिपथात राहत होते. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली तीही ह्याच वास्तूत. आज ती जर्जर अवस्थेत उभी आहे, आणि तिची ही दशा शहराच्या अनास्थेची साक्ष देते.

16 डिसेंबर 1903 रोजी उघडलेल्या ताजमहाल हॉटेलची योजना सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केली व डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ती तडीस नेली. ही इमारत नजरचुकीने उलटी बांधली गेली अशी एक लोकप्रिय दंतकथा आहे. वस्तुस्थिती अशी की, घोडागाड्या शहराच्या बाजूने येत असल्यामुळे प्रवेश तिकडे ठेवला आणि बंदराचा वारा व देखावा खोल्यांना दिला. घुमटाखालचा तो सुप्रसिद्ध जिना जवळून पाहावा : पायऱ्यांचे एक टोक भिंतीत रुतलेले आणि दुसरे अधांतरी, भोवती मजल्यामजल्याचे कठडे, आणि वरून झिरपत खाली येणारा प्रकाश. चढणाऱ्याला आपण कोठे आहोत आणि कोठे चाललो आहोत हे प्रत्येक वळणावर दिसते. वास्तूने माणसाला विश्वासात घेणे ते हेच.

अशी वास्तू एकट्या प्रतिभेच्या बळावर उभी राहत नसते. तिच्यामागे शिरस्ता असावा लागतो. हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नवरोजी मार्ग, येथे 1896च्या नियमाने प्रत्येक इमारतमालकास दर्शनी भागी पादचाऱ्यांसाठी कमानींचा छायामार्ग ठेवणे बंधनकारक केले होते. पुढे मालक बदलले, शैली बदलल्या, पण सावली अखंड राहिली.

वास्तू आणि रस्ता यांच्यातील हा दुवा तुटण्यास आरंभ झाला तो नरीमन पॉइंटच्या भरावावर. 1973च्या सुमारास तेथे ओबेरॉयचा पस्तीस मजली मनोरा उभा राहिला आणि इकडे जुने ग्रीन्स हॉटेल पाडून ताजचाही मनोरा उठला. ताजच्या मनोऱ्याने निदान कमानदार सज्जांच्या द्वारे आपल्या वडीलधाऱ्या शेजाऱ्याची बूज राखली. परंतु उद्वाहक आणि वातानुकूलन यांचा अंमल सुरू झाल्यावर सज्जा ही निकडीची वस्तू राहिली नाही, आणि निकड संपली की अलंकारालाही फार दिवस आश्रय मिळत नाही.

परळचा इतिहास याहून कटू आहे. 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करून एक शहरास, एक घरबांधणीस आणि एक मालकास देण्याची तजवीज केली. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. परिणामी शहराच्या वाट्याला यावयाची मैदाने आणि रस्ते फारच थोडे आले. जुन्या अरुंद गल्ल्यांच्या तोंडाशी मनोरे मात्र आले. फिनिक्स गिरणीच्या आवारात 2012 साली उघडलेले हॉटेल ह्याच प्रक्रियेचे अपत्य आहे. करी रोड स्थानकातून बाहेर पडून ह्या भागात पायी फिरणाऱ्यास जे दिसते ते असे : डोक्यावर उड्डाणपूल, बाजूस मोटारी ठेवण्याचे बंदिस्त मजले, आणि त्या मजल्यांच्या माथ्यावर कोठेतरी हॉटेलाचा आरंभ.

वांद्रे-कुर्ला संकुलाला अशी कोणतीच सबब नाही. 1977पासून ते एका विशेष नियोजन प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. रस्ते प्रशस्त, भूखंड आखीव, मागचे ओझे शून्य. तरीही 2009च्या ट्रायडंटपासून येथे जी हॉटेले उभी राहिली, ती कुंपणाच्या आत एकेकटी बेटे होऊन बसली आहेत. मिठी नदीकाठच्या ह्या सखल भागात जोते उंच हवे, हे 26 जुलै 2005चा 944 मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या कोणासही पटेल. परंतु उंच जोत्याला पायऱ्या आणि ओटा देता येतो, हे आमच्या गावोगावच्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

अंतरंगाची गोष्ट निराळी. सांताक्रूझच्या ग्रँड हयातमध्ये शिकागोच्या लोहान असोसिएट्सने उभारलेल्या संयमित चौकटीत राजीव सेठी यांनी आधुनिक भारतीय कलाकृतींचा जो संग्रह मांडला, तो एखाद्या संग्रहालयास शोभावा असा आहे. सहारच्या आयटीसी मराठामध्ये भोजनगृहाला पेशव्यांचे नाव आहे. नावाला हरकत नाही. पण पेशवाईतील वाड्याचे मर्म महिरपीत साठवलेले नव्हते. दिंडी, देवडी आणि चौक ह्या क्रमाने परका माणूस पायरीपायरीने आत घेतला जाई. हा क्रम सोडून नुसती महिरप उचलणे म्हणजे पूर्वजांची पगडी घालून त्यांचा शिष्टाचार विसरणे होय.

दोषाची मुळे तीन. तारांकित हॉटेलास अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र मिळते, त्यामुळे नकाशाचा सारा ओढा उंचीकडे. वाहनतळाची सक्ती तळमजल्यांना आंधळे करते. आणि 2008च्या दहशतवादी हल्ल्यानंतर प्रवेशद्वाराचे नाके झाले. तिसऱ्या कारणाविषयी हलकेपणाने बोलणे अशोभनीय ठरेल. पण झडती दाराशी घ्यावी लागते म्हणून संपूर्ण दर्शनी भिंत मुकी असली पाहिजे, असे मुळीच सिद्ध होत नाही. कुलाब्यातील 1910च्या लॅन्सडाउन हाउसमध्ये चालणारे अबोड हे लहानसे हॉटेल रस्त्याच्या मापाने राहते आणि तरीही आपला धंदा करते.

तेव्हा उपाय कल्पनाविलासाचा नाही. जादा चटईक्षेत्राच्या मोबदल्यात सरकार आज पैसा घेते, त्याच मोबदल्यात त्याने रस्त्यालगतची सावली, बसण्याचा ओटा आणि तळमजल्यावरील उघडी दुकाने मागावीत; वाहनतळ दर्शनी बाजूस आणण्याची मुभा काढून घ्यावी; आणि मंजुरीच्या दप्तरात उंचीच्या आकड्याइतकेच महत्त्व पदपथाच्या रुंदीला द्यावे. परक्या सत्तेने एका रस्त्यापुरते जे करून दाखवले, ते स्वराज्यातील महानगरपालिकेला आणि प्राधिकरणाला एका संकुलापुरतेही साधू नये, ही कलेच्या दुर्भिक्षाची खूण नव्हे. तो मागणीचाच अभाव आहे. वास्तुविशारद गुणी आहेत, कारागीर गुणी आहेत, द्रव्यही मुबलक आहे. शहराने स्वतःसाठी काही मागितल्यावाचून ते त्याला काही देतील, ही अपेक्षा मात्र व्यर्थ आहे.