‘अर्थिंग’ची संकल्पना आणि नियंत्रण पॅनेलचे वायरिंग : परभणी जिल्ह्यातील जिनिंग उद्योगाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

परभणी हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा आणि कापसाचा जिल्हा होय. परभणी, मानवत, सेलू या बाजारपेठांभोवती येथील जिनिंग-प्रेसिंग उद्योग वाढला. फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानात या कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला स्वतंत्र स्थान होते. त्या काळापासून या उद्योगात पीएलसी, मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे येऊ लागले. यंत्रे बदलली, मात्र ती जोडण्यामागील विचार त्या प्रमाणात बदलला नाही. या विसंगतीचे मूळ ‘अर्थिंग’ या शब्दाच्या सैल वापरात आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एक शब्द, तीन कामे

‘अर्थिंग’ किंवा ‘भूसंपर्कन’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न कामे सांगितली जातात. यंत्राच्या सांगाड्यात वीज उतरल्यास फ्यूज उडेल इतका प्रवाह वाहू देणे, हे पहिले. आकाशातील विजेचा प्रवाह जमिनीत पसरविणे, हे दुसरे. उच्च वारंवारतेच्या व्यत्यय-प्रवाहाला त्याच्या उगमाकडे परतण्यासाठी जवळचा मार्ग देणे, हे तिसरे. यांपैकी मातीचा खरा संबंध दुसऱ्या कामाशी आहे. पहिल्या कामाचा भरवसा मुख्यतः धातूच्या सलग मार्गावर असतो. तिसऱ्या कामात तर मातीला जवळजवळ स्थानच नाही. परंतु ‘अर्थ’ म्हटले की खड्डा, मीठ आणि कोळसा डोळ्यांसमोर येतात. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, इलेक्ट्रोडशी तिचा संपर्क सैल होतो. तेव्हा खड्ड्यात पाणी घालणे योग्यच आहे. मात्र वजनकाट्याचे थरथरणारे आकडे त्याने स्थिरावत नाहीत.

व्यत्ययाचे गणित

४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये सुमारे ५८५ व्होल्टचा एकदिश दाब सेकंदाला हजारो वेळा जोडला-तोडला जातो. प्रत्येक बदल सुमारे ०.१ मायक्रोसेकंदात होतो असे धरल्यास, आणि मोटारीची केबल व सिग्नलची तार यांच्यात अवघी १०० पिकोफॅरड धारकता असल्यास, त्या क्षणी सुमारे ०.६ अँपिअर प्रवाह सिग्नलच्या तारेत शिरू शकतो. याउलट लोडसेलचा पूर्ण भाराचा सिग्नल साधारण २० मिलिव्होल्ट असतो. ४० टनांच्या काट्यावर तो धरल्यास एका किलोच्या वाट्याला अर्धा मायक्रोव्होल्ट येतो. शेतकऱ्याच्या कापसाचे मोल इतक्या सूक्ष्म सिग्नलवर अवलंबून असते.

परतीच्या मार्गाचे गणितही असेच डोळे उघडणारे आहे. एक मीटर तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री असतो. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ०.०००३ ओहम, एक मेगाहर्ट्झला सुमारे ६ ओहम आणि दहा मेगाहर्ट्झला ६० ओहमहून अधिक होतो. म्हणजे मीटरवर ‘शून्य’ दाखविणारी हिरवी तार व्यत्ययाच्या दृष्टीने जवळजवळ तुटलेली असते. पंधरा-वीस मीटरवरच्या नव्या खड्ड्याने ती जोडली जात नाही.

सुबक वायरिंगचा निकष

पॅनेलचे वायरिंग चांगले की वाईट, हे सर्वसाधारणपणे त्याच्या सुबकतेवरून ठरविले जाते. सर्व तारा एकाच डक्टमध्ये, एकत्र बांधलेल्या, रंगविलेल्या प्लेटवर बसविलेल्या. शील्ड पिळून टर्मिनलखाली दाबलेली. रिले आणि कॉन्टॅक्टरच्या काळात हा निकष बहुतांशी पुरेसा होता. म्हणून त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु ड्राइव्ह आल्यावर हीच सुबकता सदोष ठरते. मोटारीची केबल व सिग्नलची केबल दूर ठेवणे, त्या ओलांडाव्याच लागल्यास काटकोनात ओलांडणे, ड्राइव्ह रंग नसलेल्या धातूच्या प्लेटवर बसविणे, दरवाजा रुंद चपट्या वेणीने जोडणे, मोटार केबलची शील्ड दोन्ही टोकांना क्लॅम्पने सर्व बाजूंनी आवळणे आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर सप्रेसर लावणे, हे उपाय खर्चिक नाहीत. सिग्नल केबलची शील्ड एका टोकाला जोडावी की दोन्ही, याबाबत मतभेद आढळतात. एका टोकाची जोडणी ५० हर्ट्झचा फिरता प्रवाह टाळते. उच्च वारंवारतेला मात्र ती अपुरी पडते. सर्व सांगाडे धातूने एकमेकांशी नीट जोडलेले असल्यास दोन्ही टोकांची जोडणी सामान्यतः श्रेयस्कर ठरते.

‘स्वच्छ अर्थ’चा धोका

शब्दातील गोंधळाचा सर्वांत गंभीर परिणाम सुरक्षिततेवर होतो. व्यत्यय टाळण्यासाठी पॅनेल मुख्य अर्थपासून तोडून वेगळ्या खड्ड्याला जोडण्याचा ‘स्वच्छ अर्थ’चा उपाय सुचविला जातो. या खड्ड्याचा रोध ५ ओहम आणि रोहित्राकडचा १ ओहम मानू. २४० व्होल्टची फेज सांगाड्याला लागल्यास प्रवाह केवळ ४० अँपिअर वाहील. ६३ अँपिअरचा फ्यूज उडणार नाही आणि सांगाडा २०० व्होल्टवर जिवंत राहील. त्याला हात लावणारा कामगार या ‘स्वच्छते’ची किंमत चुकवील. मोटारीचा सांगाडा दोन स्वतंत्र जोडण्यांनी भूसंपर्कित करण्याचे बंधन १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होते आणि २०१० च्या विनियमांतही ते राहिले. त्यामागे हीच काळजी आहे.

समारोप

व्यत्यय-निवारण आणि सुरक्षितता यांच्यात विरोध नाही. तो शब्दाच्या संदिग्धतेतून भासतो. धातूची भरपूर आणि आखूड जोडणी दोन्हींना उपकारक ठरते. म्हणून मराठीतून शिकविताना ‘संरक्षक जोडणी’, ‘भू-इलेक्ट्रोड’ आणि ‘उच्च वारंवारतेचा परतीचा मार्ग’ अशा तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. प्रात्यक्षिकाचे गुण देतानाही केवळ तारांच्या रेखीवपणापेक्षा कोणता प्रवाह कोठून परततो, हे विद्यार्थ्याला सांगता येते काय, याला अधिक महत्त्व असावे. परभणीच्या जिनिंगमध्ये उद्या पॅनेल उघडणारा वायरमन याच वर्गांतून बाहेर पडतो. त्याने नवा खड्डा खणण्यापूर्वी शील्डचे टोक तपासले, तर वजनाचा आकडा आणि कामगाराचा जीव, दोन्ही सुरक्षित राहतील.