हरकती व सूचना

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, घरविक्रीच्या व वधूवरांच्या जाहिरातींच्या शेजारीं, अधूनमधून बारीक टाइपांत एक जाहीर सूचना छापून येते. वीज वितरण कंपनीनें आपल्या खर्चाचा व नव्या दरांचा प्रस्ताव वीज नियामक आयोगापुढें ठेविला आहे. त्यावर कोणास हरकत घ्यावयाची अथवा सूचना करावयाची असल्यास ती अमुक तारखेपर्यंत लेखी पाठवावी, आणि अमुक दिवशीं जाहीर सुनावणीस हजर राहावें, असा तिचा मजकूर असतो. सुशिक्षित कुटुंबांतून ही सूचना बहुधा कोणी वाचीत नाहीं. दर वाढल्याची बातमी मात्र सर्व जण वाचतात, आणि चहा घेतां घेतां सरकारास चार शब्द सुनावून मोकळे होतात.

आम्हांस असें वाटतें कीं, या सूचनेंतून जें लिखाण निर्माण होतें, म्हणजे नागरिकांच्या हरकती, कंपनीचीं उत्तरें व आयोगाचे निर्णय, तें आपल्या काळांतील महत्त्वाचें गद्य आहे. आणि गद्य म्हटलें म्हणजे त्याची परीक्षा झाली पाहिजे. ज्या मासिकांत कादंबऱ्यांचीं व काव्यसंग्रहांचीं परीक्षणें यावयाचीं, त्यांत इतक्या रूक्ष विषयास जागा कां द्यावी, असें कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. ज्या लिखाणावरून लक्षावधि घरांचा मासिक खर्च ठरतो, त्यांतील युक्तिवाद भरीव आहे कीं पोकळ, हें पाहण्याचें काम टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें मानणें म्हणजे टीकेचें क्षेत्र उगाच आखडून घेणें होय.

या लिखाणास आपल्याकडे पूर्वपरंपराही आहे. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि १८७८ पासून तिचें इंग्रजी त्रैमासिक निघूं लागलें. न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें सभेनें जीं निवेदनें सरकारकडे धाडिलीं, त्यांची रीत ठरलेली होती. सरकारच्याच अहवालांतील आकडे घ्यावयाचे, त्यांची जुळणी करावयाची, आणि सरकारचा निष्कर्ष त्यांवरून कसा निघत नाहीं हें शांतपणें दाखवावयाचें. परंतु त्या निवेदनांत एक उणीव होती, आणि तिचा दोष लिहिणारांकडे नव्हता. वाचणाऱ्यावर उत्तर देण्याचें बंधनच नव्हतें. अर्ज पोहोंचल्याची पोंच दिली कीं सरकारचें कर्तव्य संपे. अर्ज आणि हरकत यांतील खरा भेद हाच आहे. अर्जास उत्तर मिळणें ही कृपा. हरकतीस उत्तर मिळणें हा हक्क.

हा हक्क नसला म्हणजे काय होतें, तें विजेच्या बाबतींत महाराष्ट्रानें लवकरच पाहिलें. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें मुळशी खोऱ्यांत धरण बांधावयास घेतलें, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालीं मावळ्यांच्या जमिनी गेल्या. त्या कायद्यांत मोबदल्याच्या रकमेबद्दल तक्रार करतां येई. जमीन घ्यावीच कां, ही हरकत ऐकण्याचें कलम त्यांत नव्हतें. तें कलम, ५-अ, १९२३ सालीं घालण्यांत आलें. मुळशीचा सत्याग्रह १९२१ सालींच सुरू झाला होता. सेनापति बापट त्यांत पुढें आले, आणि विनायकराव भुस्कुटे यांनीं त्याची हकीकत ग्रंथरूपानें लिहून ठेविली. धरण झालें, वीजही आली. ज्यांचें बोलणें कागदावर घेतलें जात नाहीं, त्यांस शेवटीं बांधकामावर जाऊन बसावें लागतें, एवढें त्या हकीकतीवरून शिकण्यासारखें आहे.

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानें राज्योराज्यींच्या वीज मंडळांचा पाया घातला. मंडळच वीज निर्माण करी, मंडळच ती वांटी, आणि दरही मंडळच ठरवी. हेतु लोकहिताचा होता. पण दराचें कारण ग्राहकापुढें मांडलें पाहिजे, असें त्या रचनेंत कोणास वाटलें नाहीं. या मौनाची किंमत दाभोळ प्रकरणीं चुकती करावी लागली. गुहागर तालुक्यांतील या प्रकल्पाविषयीं अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशीं पहिला सामंजस्य करार २० जून १९९२ रोजीं झाला, तोही कंपनीचीं माणसें येथें आल्यापासून अवघ्या कांहीं दिवसांत. स्पर्धात्मक निविदा मागविल्या नाहींत. जागतिक बँकेनें १९९३ सालीं प्रकल्पास कर्ज देण्याचें नाकारलें. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वीजखरेदीचा करार झाला, आणि तो लोकांपासून गुप्त ठेवण्यांत आला. १९९५ च्या ऑगस्टांत नव्या सरकारनें तो रद्द केला, व कांहीं महिन्यांतच फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हां मान्य केला. १९९९ सालीं निर्मिति सुरू झाली. २००० सालीं कांहीं महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांवर गेला. २००१ च्या मे महिन्यांत मंडळानें खरेदी थांबविली, आणि डिसेंबरांत मूळ कंपनीचेंच दिवाळें वाजलें. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें त्याच वर्षीं जो अहवाल दिला, त्यांत राज्यकारभाराच्या अपयशाची स्पष्ट नोंद आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचे गिरीश संत, शंतनु दीक्षित व सुबोध वागळे यांनीं १९९५ सालींच या कराराचें गणित मांडून दाखविलें होतें. गणित तपासण्यासारखें होतें. परंतु ज्या पीठापुढें तें मांडावें, व ज्यानें त्यास सकारण उत्तर द्यावें, असें पीठ अस्तित्वांत नव्हतें.

असें पीठ पुढें निर्माण झालें. अमेरिकेंत विस्कॉन्सिन व न्यूयॉर्क या राज्यांनीं १९०७ सालीं जी कल्पना अमलांत आणिली, ती आपल्याकडे १९९८ च्या केंद्रीय कायद्यानें आली. महाराष्ट्राचा आयोग १९९९ च्या ऑगस्टांत स्थापन झाला. त्यानंतर २००३ च्या विद्युत् कायद्यानें ही रीत पक्की केली. दराचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि लोकांच्या हरकती व सूचना विचारांत घेऊन आयोगानें १२० दिवसांत आदेश दिला पाहिजे, असें कलम ६४ सांगतें. ग्राहकांची बाजू मांडण्यास प्रतिनिधि नेमण्याचा अधिकार कलम ९४ देतें. मधल्या काळांत कलकत्त्याच्या वीज कंपनीच्या खटल्यांत मोठा प्रश्न उपस्थित झाला होता. इतक्या ग्राहकांना सरसकट ऐकणें व्यवहार्य नाहीं, अशा अर्थाचें मत तेथील उच्च न्यायालयानें दिलें. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं तें मानलें नाहीं. ऐकलें जाण्याचा हक्क कायद्यानेंच दिला आहे. तो कसा बजावावा याची शिस्त आयोगानें आपल्या नियमांनीं लावावी, असा त्या निकालाचा आशय होता.

आतां प्रत्यक्ष लिखाणाकडे वळूं. दरविषयक आदेशांत एक प्रकरण लोकांच्या हरकतींचें असतें. त्यांतील प्रत्येक मुद्याचे तीन भाग पाडलेले असतात: हरकत घेणाऱ्याचें म्हणणें, कंपनीचें उत्तर, आणि आयोगाचा निर्णय. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व सिद्धांत यांची वाचकांस येथें आठवण होईल. ही मांडणी आमच्या मतें उत्तम आहे. परंतु शास्त्रकारांनीं या मांडणीबरोबर एक दंडकही घालून दिला होता, कीं पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपांत मांडावा व मगच त्याचें खंडन करावें. त्या दंडकानें हें लिखाण मोजलें तर काय दिसतें?

जेथें पूर्वपक्ष बळकट होता, तेथें सिद्धांत खरोखर बदलला, असें प्रथम नमूद केलें पाहिजे. १९९९-२००० मधील वीज मंडळाचें पहिलेंच दरप्रकरण घ्या. शेतीच्या बहुसंख्य पंपांना मीटर नव्हते. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होई, आणि त्यांनीं किती वीज ओढली हें अंदाजानें ठरे. तारांतून वांया गेलेली व वाटेंत चोरीस गेलेली वीज या अंदाजांत सहज सामावून जाई. त्यामुळें गळतीचें प्रमाण वर्षानुवर्षें अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितलें जात असे. ग्राहक-प्रतिनिधींनीं आकड्यांचा पाठपुरावा केला, आयोगानें खुलासे मागितले, आणि त्या प्रश्नोत्तरांत तेंच प्रमाण तीस टक्क्यांच्या वर गेलें. आकडा एकच बदलला; पण सर्व तोट्याचें खापर शेतकऱ्याच्या माथीं फोडणारें जें वाक्य घरोघर म्हटलें जात होतें, त्याचा आधारच त्यामुळें डळमळला. एखाद्या व्याख्यानमालेनें जें साधलें नसतें तें चार रूक्ष प्रश्नांनीं साधलें. प्रश्न मिटला असें मात्र नव्हे. सुमारें दोन दशकांनंतर शेतीच्या वीजवापरासाठीं आयोगास स्वतंत्र अभ्यासगट नेमावा लागला.

दुसरें उदाहरण पुण्याचें. २००६ सालीं राज्यभर भारनियमन चालू असतां, कारखान्यांनीं आपलीं स्वतःचीं जनित्रें चालवून ग्रिडवरील भार हलका करावा, आणि त्याचा जादा खर्च शहरांतील ग्राहकांनीं द्यावा, अशी योजना पुढें आली. उद्योजकांची संघटना, ‘प्रयास’ व ‘सजग नागरिक मंच’ यांच्या विचारविनिमयांतून ती आकारास आली. आयोगानें तिच्यावर जाहीर सुनावणी घेतली, आणि शहर भारनियमनांतून मुक्त झालें. पैसे देऊन एका शहरानें अंधारांतून सुटावें हें न्याय्य कीं अन्याय्य, याविषयीं मतभेद होऊं शकतो. पण तो मतभेद उघडपणें मांडतां आला, आणि खर्च किती व कोणावर हें आधीं सांगून मग तो घेतला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां दोष. पहिला दोष सिद्धांताचा. कित्येक मुद्यांवर निर्णयाच्या जागीं एवढेंच आढळतें कीं, आयोगानें म्हणण्याची नोंद घेतली आहे. अथवा, हा विषय राज्य सरकारच्या धोरणाचा आहे. अथवा, दर नियमांप्रमाणें ठरविला आहे. यांपैकीं दुसरें उत्तर कधीं कधीं खरें असतें व तिसरें बहुधा खरें असतें. पण पहिलें हें उत्तरच नव्हे. ती सार्वजनिक सभेच्या काळची पोंच आहे, नव्या कागदावर छापलेली. ज्यानें अमरावतीस किंवा नाशकास रजा टाकून तीन तास बांकावर बसून आपला मुद्दा मांडला, त्यास तो कां अमान्य झाला हें दोन ओळींत तरी कळलें पाहिजे. मान्य न होण्याचें दुःख माणूस सोसतो. कारण न कळण्याचें दुःख त्यास पुढच्या सुनावणीपासून दूर ठेवतें.

दुसरा दोष भाषेचा. सुनावणींत बोलणें बहुतांशीं मराठींत होतें. वऱ्हाडांतला शेतकरी आपल्या बोलींत बोलतो, आणि नेमकें बोलतो. आदेश मात्र इंग्रजींत निघतो. प्रस्तावाचा सारांश मराठींत मिळतो हें खरें, परंतु ज्या जागीं माणसाचें म्हणणें नोंदलें जातें व त्याचा निकाल लागतो, तीच जागा त्यास वाचतां येत नाहीं. शिवाय पांच मिनिटांचें जिवंत बोलणें परक्या भाषेंतील दीड ओळींत उतरतांना त्यांतील धार नाहींशी होते. पूर्वपक्ष दुबळा होऊनच कागदावर येतो. तिसरा दोष विस्ताराचा. प्रस्ताव शेंकडों पानांचा, आणि तो वाचून उत्तर लिहिण्यास सामान्य माणसास मुदत थोड्या आठवड्यांची. कंपनीकडे हें काम करणारे पगारी तज्ज्ञ असतात. नागरिकाकडे रविवार असतो.

परंतु सर्व दोष पलीकडच्या बाजूस टाकून मोकळें होणें टीकाकारास शोभणार नाहीं. आपल्या हरकतींचें लिखाणही पुष्कळदां कच्चें असतें. वैयक्तिक बिलाचें गाऱ्हाणें ऐकण्यास कायद्यानें निराळे मंच व विद्युत् लोकपाल ठेविले आहेत. तरी तेंच गाऱ्हाणें दराच्या सुनावणींत मांडलें जातें. एकाच नमुन्याचीं छापील पत्रें सह्या बदलून शेंकड्यांनीं येतात. दर वाढवूं नयेत एवढेंच म्हणणें ही इच्छा झाली, हरकत नव्हे. कोणता खर्च, कोणत्या तक्त्यांतला, कां अमान्य करावा, हें सांगितलें म्हणजे हरकत होते. दुबळ्या पूर्वपक्षास दुबळा सिद्धांत मिळाला तर तक्रार अर्धीच खरी ठरते.

कांहीं विचारी लोक म्हणतील, कीं विजेचे दर हा तज्ज्ञांचा विषय आहे. तेथें लोकांस बोलावणें म्हणजे स्वस्ताईच्या गलक्यास आमंत्रण देणें. या आक्षेपांत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. दर पडते ठेवून शेवटीं पुरवठाच बिघडतो, हा अनुभव आपल्या देशानें घेतला आहे. पण दाभोळचा करार लोकांच्या गलक्यानें झाला नव्हता. तो बंद दाराआड झाला. गळतीचा खोटा आकडा तज्ज्ञांच्याच तक्त्यांत इतकीं वर्षें नांदत होता. तज्ज्ञाची चूक काढावयास दुसरा तज्ज्ञ लागतो हें कबूल. पण ती काढावी अशी गरज ज्यास वाटते तो बहुधा बिल भरणारा असतो.

म्हणून वाचकांस एवढेंच सुचवावयाचें. पुढची जाहीर सूचना येईल ती कापून ठेवावी. मराठी सारांश मागवावा, घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलास अगर मुलीस जवळ घेऊन तो वाचावा, आणि एखादाच आकडा निवडून त्याविषयीं एका पानाची हरकत मराठींत लिहून धाडावी. आदेश निघाल्यावर आपल्या मुद्यापुढें आयोगानें काय लिहिलें तें शोधून पाहावें. तेथें कारण आढळलें तर, दर कमी न होतांही, आपण कांहीं मिळविलें. नुसती पोंच आढळली, तर पुढच्या वेळीं तोच प्रश्न, अधिक बळकट करून, पुन्हां विचारावा.