नाण्यावरील चेहरा आणि नाण्याची साक्ष

सावद्यास एका स्नेह्यांकडे गेलों असतां त्यांनीं लक्ष्मीपूजनाच्या ताटांतील एक लहानसें रुप्याचें नाणें आमच्या हातीं दिलें. एका बाजूस उजवीकडे पाहणारें मस्तक, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. हा राजा कोण, असा प्रश्न निघतांच घरांतील मंडळी नाकाडोळ्यांवरून तर्क करूं लागली. हा मोह थोर संशोधकांसही आवरलेला नाहीं.

१९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत गोदाकाठच्या जोगळटेंभी गांवीं तेरा हजारांहून अधिक रुप्याच्या नाण्यांचा सांठा सांपडला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तो तपासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्याचें वर्णन केलें. नाणीं क्षहरात नहपानाचीं असून त्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें पुन्हां आपला छाप मारलेला आहे. इतकीं नाणीं निरखून मोजणाऱ्या स्कॉटसाहेबांचे श्रम निःसंशय वंदनीय आहेत. परंतु नाण्यांवरील चेहरे परस्परांहून फार भिन्न दिसले, म्हणून तीं एका पुरुषाचीं नसून, क्षहरात कुळांतील अनेकांनीं नहपानाचें नांव कायम ठेवून आपापले चेहरे कोरविले असावेत, असें अनुमान त्यांनीं काढिलें.

हें अनुमान आम्हांस पटत नाहीं. या नाण्यांवर राजाचें नांव ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपींत आहे. त्यांतील ग्रीक अक्षरें कित्येक नाण्यांवर इतकीं बिघडलेलीं आहेत कीं, ठसा कोरणारास त्यांचा अर्थ कळत नसावा, हें उघड दिसतें. ज्याच्या हातून अक्षर बिघडलें, त्याच्या हातून नाक कां बिघडूं नये? शिवाय नहपानाच्या काळच्या लेण्यांतील लेखांत ४१ पासून ४६ पर्यंतचींच वर्षें आढळतात. एका नांवाखालीं पिढ्यान्‌पिढ्या नाणीं पाडल्याचें तेथें चिन्ह नाहीं. उलट, गौतमीपुत्रानें क्षहरात वंश निःशेष केला, असें त्याची माता बलश्री हिच्या नाशिकच्या लेखांत म्हटलें आहे, आणि नहपानाच्या नांवावर उमटलेला गौतमीपुत्राचा चैत्य व उज्जयिनी चिन्ह त्यास दुजोरा देतात. अक्षरास व छापास शिलालेखाची साक्ष मिळते. चेहऱ्यास कोणाचीच मिळत नाहीं.

तथापि स्कॉटसाहेबांच्या लेखाचें खरें मोल त्यांच्या गणतींत आहे. दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नवा छाप आहे, ही गोष्ट सुटें नाणें कधींच सांगूं शकलें नसतें. सांठा एकत्र राहिला म्हणूनच एका राज्याचें चलन दुसऱ्यानें कसें आपलेंसें केलें, हें आपणांस पाहावयास मिळालें.

सावद्याच्या नाण्यावर ब्राह्मींतील ‘हपानस’ एवढीं अक्षरें आम्हांस स्पष्ट लागलीं, राजा ठरला. मग त्याच्यासोबत आणखी कांहीं होतें काय, असें आम्ही विचारिलें. शेतांत एक गाडगें निघालें होतें. बाकीचीं नाणीं आजोबांनीं आटवून घरांतील मुलींस तोडे केले, असें उत्तर मिळालें. त्यांवर गौतमीपुत्राचा छाप होता कीं नव्हता, हें आतां कोणी सांगावें? सोनाराची कसोटी चांदीचा कस सांगते, इतिहासाचा सांगत नाहीं. दहा रुपयांवरील किंमतीच्या अशा ठेव्याची वर्दी कलेक्टराकडे द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे. तो दंडाच्या भयानें नव्हे, तर या एका नाण्याच्या हरवलेल्या सोबत्यांची आठवण ठेवून पाळावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.