कुंपणापलीकडची मार्गो

रात्री साडेबाराच्या सुमाराला माझ्या फोनवर कुणीतरी पाव भाजत असतं. रोज बाई वेगळी, पाव तोच. लाकडी टेबल, पिठाने माखलेले हात, खिडकीतून येणारं तिरपं ऊन. मग परसात जाऊन गाजर उपटायचं, कोंबडीखालचं कोमट अंडं उचलायचं, टोमॅटोच्या बरण्या भरून फळीवर ओळीने मांडायच्या. बोलत कुणीच नाही. मागे पियानो. सकाळी नऊ वाजता मला लॉगिन करायचं असतं, आणि तरी मी विसावं गाजर निघताना बघत पडून राहते. शहरात राहून, थोडक्या जागेत, स्वतःपुरतं स्वतः पिकवून साधं जगणाऱ्यांचे हे व्हिडिओ. तुम्हीही बघत असाल. नोकरीला कंटाळलेल्या माणसाला गाजर दाखवावं, हे अल्गोरिदमला बरोबर कळलंय.

मागच्या पावसाळ्यात एका मित्राने "हे घे, तुझ्या गाजरवाल्यांचे आजोबा" असं म्हणून एका जुन्या ब्रिटिश मालिकेचा तुकडा पाठवला. मालिकेचं नाव 'द गुड लाइफ'. बीबीसीवर 1975 ते 1978 या काळात ती चालली. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा, स्टुडिओतल्या प्रेक्षकांचं हसू ऐकू येणारा, रंग थोडे उडालेले. मी तो तुकडा संपवला आणि मग मालिकेचे सगळे भाग शोधून बघितले. त्यानंतर पाववाल्या बाया पूर्वीसारख्या बघता येईनात. असं का झालं, ते सांगण्यासाठी हा लेख.

गोष्ट अगदी साधी आहे. टॉम गुड चाळीस वर्षांचा होतो. सकाळच्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यात जी फुकटची प्लॅस्टिकची खेळणी मिळतात, त्यांची डिझाइनं काढणं ही त्याची नोकरी. वाढदिवशी त्याला कळतं की हे असंच चालत राहणार आहे. घराचं कर्ज फिटलेलं असतं. तो नोकरी सोडतो. पण गावाला, डोंगरात, शेतावर कुठेही जात नाही. लंडनच्या कडेला सर्बिटन नावाचं सभ्य, झाडाझुडपांचं उपनगर आहे. तिथल्याच आपल्या बंगल्यात राहून तो आणि त्याची बायको बार्बरा पुढची-मागची बाग खणून भाजी लावतात, डुकरं पाळतात, कोंबड्या पाळतात. शेळीचं नाव जेराल्डिन, कोंबड्याचं नाव लेनिन. तळघरात शेणापासून गॅस आणि गॅसपासून वीज बनवणारं एक धूड बसवलं जातं. आणि वाटाण्याच्या शेंगांच्या सालींपासून वाइन. ती प्यायल्यावर प्रत्येकाचा चेहरा जो होतो, तो बघण्यासारखा आहे.

हे सगळं हवेतून आलेलं नव्हतं. 1973 साली तेलाचे भाव भडकले. 1974 च्या सुरुवातीला वीज वाचवण्यासाठी ब्रिटनमधल्या बहुतेक उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज वापरायची परवानगी होती. 1975 मध्ये महागाई 24 टक्क्यांच्या घरात गेली. जॉन सीमोर यांची स्वयंपूर्ण जगण्यावरची पुस्तकं त्याच सुमारास लोक घेत होते. आज एआय आपली नोकरी खाणार का, या धास्तीने जसा माणूस यूट्यूबवर 'एक एकरात सुखी जीवन' शोधतो, तशातलाच प्रकार.

जॉन एसमंड आणि बॉब लार्बी या लेखकांनी ही मालिका मुळात चाळिशीबद्दल लिहायला घेतली होती, रिचर्ड ब्रायर्स या नटाला डोळ्यासमोर ठेवून. म्हणजे नायक टॉम. पहिल्या भागात शेजारीण मार्गो लेडबेटर पडद्यावर दिसतच नाही, तिचा नुसता आवाज येतो. पुढच्या भागांत ती दिसायला लागते आणि मग मालिका तिची होते. पेनलपी कीथ या अभिनेत्रीला 1977 साली या कामासाठी बाफ्टा मिळालं. एका स्वयंपूर्ण जोडप्याची गोष्ट लिहायला बसलेल्या लेखकांना मध्येच लक्षात येतं की खरं नाट्य कुंपणाच्या पलीकडे उभं आहे. मला हा या मालिकेतला सगळ्यात मोठा शोध वाटतो. लेखकांनी तो ठरवून लावला नसेल, पण लागल्यावर सोडला नाही, हे महत्त्वाचं.

मार्गो म्हणजे कोण? सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "कृपया नोंद घ्यावी" असं लिहिणारी जी व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे, ती. तिला विनोद कळत नाही, आणि कळत नाही हे तिलाही माहीत आहे. शेजारी डुक्कर आलं की तिच्या आयुष्याचा पायाच हलतो. आळशी लेखकाने तिला खलनायिका केली असती. इथे तसं होत नाही, कारण तिची तक्रार खरी असते. शेजारी खरोखरच डुक्कर आहे. त्याला खरोखरच वास येतो. टॉमने साधं जगायचं ठरवलं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं?

एका भागात मार्गो आपल्या बाजूला वाऱ्याला आडोसा उभारते आणि त्याची सावली टॉम-बार्बराच्या फळझाडांवर पडते. ऊन कुणाचं, यावर भांडण. हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही चाळीतल्या, सोसायटीतल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. भांडण मिटतं ते तत्त्वाने नाही, त्या भयंकर वाइनने. चौघंही झिंगतात आणि एकमेकांना आवडत असल्याची नको इतकी कबुली देऊन बसतात. दुसऱ्या एका भागात पैशांची चणचण होते आणि टॉम-बार्बरा चक्क मार्गो आणि जेरीकडेच माळीकामाला आणि घरकामाला लागतात. जेरी टॉमच्याच जुन्या कंपनीत वर चढलेला. म्हणजे ज्या पगारावर थुंकून टॉम बाहेर पडला, तोच पगार कुंपणावरून फिरून त्याच्याकडे येतो. प्रेक्षक हसतात. मी पण हसले. मग मात्र हिशेब करायला बसले.

हिशेब असा. दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरलं तर एका माणसाला वर्षाला दीडशे किलोच्या आसपास लागतं. आपल्या देशातलं गव्हाचं सरासरी उत्पन्न हेक्टरी साधारण साडेतीन टन. म्हणजे एकट्या माणसाच्या पोळ्यांपुरता गहू पिकवायला चारेक गुंठे जमीन हवी, साडेचार हजार चौरस फूट. माझी बाल्कनी चाळीस चौरस फुटांची आहे. तीत कुंडी न ठेवता, मीही उभी न राहता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गहू पेरला आणि तो शेतातल्यासारखा आला, तर सव्वा किलो मिळेल. तीन दिवसांच्या पोळ्या. पाव भाजणाऱ्या बाईच्या परसात गाजर दिसतं, पुदिना दिसतो, पण त्या पावाचं पीठ कुठून आलं हे व्हिडिओत कधीच दिसत नाही. त्याच्या आधीच कट असतो.

'द गुड लाइफ'मध्ये हा कट नाही. टॉम-बार्बरा जास्तीचा माल विकतात, बदली करतात, जमेल तितकी गरज कमी करतात, आणि तरीही पैसे लागतच राहतात. मालिका हे लपवत नाही. उलट विनोद तिथूनच निघतो.

पहिल्या सीझनचा शेवटचा भाग मी तीनदा बघितला. पीक काढणीला आलंय, वादळी पाऊस येऊ घातलाय, आणि नेमकी तेव्हाच टॉमची पाठ धरते. तो घरात आडवा. बाहेर चिखलात एकटी बार्बरा. फेलिसिटी केंडल या छोट्याशा चणीच्या बाईने हा भाग अंगावर घेतलाय. तिचा दमलेपणा खरा वाटतो. पिवळंजर्द रेनकोट चढवून मार्गो मदतीला येते. जन्मात मातीत हात न घातलेली बाई. काम येत नाही, कुणी काही सांगितलेलं आवडत नाही, पण उपटत राहते, आणि मग सपशेल चिखलात पडते. पडल्यावरही तिच्या चेहऱ्यावरचा मान काही खाली येत नाही. या दृश्यात कुणी कुणाचे आभार मानत भाषण करत नाही. स्वयंपूर्ण घराचं वर्षभराचं अन्न जिला ते सगळंच नापसंत होतं अशा बाईच्या हातांनी वाचतं, एवढंच आपण बघतो.

मालिकेत खोट नाही असं नाही. टॉम मला दुसऱ्या सीझनपासून डोक्यात जायला लागला. त्याला स्वतःच्या साधेपणाचं भारी कौतुक आहे आणि जेरीच्या नोकरीला टोमणे मारायची एकही संधी तो सोडत नाही. पण त्याच जेरीच्या कंपनीचं दार आपल्यासाठी कधीही उघडेल, हे त्याला माहीत असतं. परत जायची सोय असलेली गरिबी ही वेगळी गोष्ट आहे. घर फेडलेलं. मूल नाही. पाठ धरली तर डॉक्टरचं बिल नाही, कारण देश ब्रिटन. पुण्यात एका आठवड्याच्या हॉस्पिटलने टॉमची शेळी, डुकरं आणि लेनिनसकट सगळं विकलं गेलं असतं. शिवाय निर्णय टॉमचा, बार्बराने तो एका रात्रीत मान्य केलेला. त्यानंतर चुलीपाशी कोण, दूध कोण काढतं, आणि तळघरातल्या यंत्राशी खेळायला कोण जातं, हे बघत बसलं की हसू जरा कमी होतं. बार्बराला मधूनच चांगला ड्रेस घालावासा वाटतो. मालिका ती इच्छा थट्टेवारी नेत नाही, पण तिथे फार वेळ थांबतही नाही. 1978 साली शेवटचा खास भाग खुद्द राणीसमोर चित्रित झाला. ज्या समाजाला सोडून टॉम निघाला होता, त्याला टॉमचा काही त्रास झाला नव्हता, असं दिसतं.

आपल्याकडे या विषयावर विचार झालेलाच नाही असं समजू नका. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतील असं मांडलं होतं. माझ्या वरच्या सरासरीच्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी जमिनीत, ऊन, पान आणि मुळी यांचा काटेकोर अभ्यास करून. मात्र त्यांनी उभ्या केलेल्या कामाचं नाव होतं 'प्रयोग परिवार'. तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून अनेकांनी आपापल्या तुकड्यावर जे करून पाहिलं ते एकमेकांना कळवायचं, अशी ती रीत. गुंठे मोजायला बसलेल्या गणिताच्या माणसाला कुंपणाच्या आतलं काम बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय पुरं होत नाही असं वाटलं, हे मला टॉम गुडच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त पटतं.

आता माझ्या बाल्कनीबद्दल. रील्स बघून मी सात कुंड्या आणि कंपोस्टचा एक ड्रम आणला होता. टोमॅटो आले, एकूण अकरा. ड्रमला वास आला. पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या भिंतीला ओल आली. त्यांनी सोसायटीला अर्ज दिला, माझं नाव न घेता, 'वरील सदनिकाधारक' असं. मी पण तोऱ्यात होते; निसर्गाच्या बाजूने असल्यासारखी. दोन महिने आम्ही लिफ्टमध्ये एकमेकींकडे न बघता आकडे बघत होतो. मालिका बघितली ती नेमकी त्या दिवसांत. त्यामुळे माझं मतपरिवर्तन वगैरे झालं नाही, पण त्या अर्जात खोटं काहीच नव्हतं हे मान्य करावं लागलं. मी कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, ड्रमला झाकण बसवलं, आणि अकरापैकी चार टोमॅटो घेऊन खाली गेले. काकूंनी ते घेतले, हातात फिरवून बघितले आणि म्हणाल्या, "बाजारात यापेक्षा मोठे मिळतात गं." अगदी मार्गो. दिवाळीत मी गावी गेले तेव्हा किल्ली त्यांच्याकडेच ठेवून गेले. झाडं जगली. शेवंती त्यांनी आपल्या देव्हाऱ्यासाठी तोडून घेतली होती, न विचारता.

मालिकेच्या शेवटच्या नियमित भागात टॉम-बार्बरा रात्री शेजारून जेवून घरी येतात, तर घर फोडलेलं असतं. चोरण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून आलेल्यांनी मोडतोड केलेली, भिंती रंगाने बरबटवलेल्या. विनोदी मालिकेत स्टुडिओतला प्रेक्षक एकदम गप्प होतो, ती शांतता ऐकण्यासारखी आहे. बार्बरा कोसळते. चालू ठेवायचं की सोडायचं, हा प्रश्न पहिल्यांदा खरोखर उभा राहतो. त्या उद्ध्वस्त खोलीत मार्गो आणि जेरी त्यांच्यासोबत असतात. मग वाटाण्याच्या सालींची ती वाइन काढली जाते, आणि मार्गोसुद्धा ती पिते.